चौथी हाक

“जरा सावकाश मर की गं, आक्का!” रावसाब मगदूम खालून ओरडला. “तीन हाका पुऱ्या व्हायच्या आत मान टाकतीयास. पोरगं किती हलकट हाय ते लोकांना कळाय नको?”

हौसाआत्या मेल्या मेल्याच म्हणाली, “मग तू ये की हितं झोपायला. दिव्याखाली पापडागत भाजाय लागलंय मला.”

हलकट पोरगं म्हणजे मी, धैर्या. आत्याच्या खाटेच्या पायथ्याशी खुर्चीत पाय वर घेऊन बसलो होतो आणि हातात मोबाईल होता. आमच्या जोतिबा तालीम मंडळानं त्या वर्षी गणपतीसमोर जिवंत देखावा बसवला होता, ‘गेमचा राक्षस’. आई आजारी आहे, पोरगा गेम खेळतोय. आई तीन वेळा पाणी मागते, पोराला ऐकू जात नाही, आई मरते. मग मागून दहा हातांचा थर्माकोलचा राक्षस लाल दिव्यात हसतो, प्रत्येक हातात एक मोबाईल. शेवटी स्पीकरवरून, “पालकहो, जागे व्हा!” आणि पडदा बाजूला होऊन गणपतीचं दर्शन. लोक हात जोडून, डोळे पुसून पुढच्या चौकातला देखावा बघायला जायचे.

लिहिला होता आमच्या वडिलांनी.

आबा, म्हणजे महिपती चौगुले, एके काळचे कुस्तीचे निवेदक. आमच्या भागात मैदान भरलं की पैलवानाच्या आधी निवेदक ठरायचा, आणि निवेदक म्हणजे आबा. ज्याला आखाडा दिसत नाही अशा मागच्या माणसालाही त्यांच्या आवाजातून कुस्ती दिसायची, असं जुनी माणसं सांगतात. मी ऐकलेलं नाही. मी पहिलीत असताना त्यांनी माईक खाली ठेवला तो ठेवलाच. कोणी विचारलं तर गळ्याला हात लावून “घसा” एवढंच म्हणायचे. त्याच घशानं मला मात्र रोज सकाळी तालीम हालेल इतकं ओरडायचे, तेव्हा काही दुखायचं नाही.

देखाव्याच्या लिखाणात त्यांनी काही बाकी ठेवलं नव्हतं. डोळे जातात, झोप जाते, अंगठे चालतात आणि मांड्या सुकतात, पोरगा घरात असून घरात नसतो. खरं सांगायचं तर यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. माझ्याकडे बघूनच लिहिलेलं होतं ते. रावसाब मंडळाचा अध्यक्ष. त्याला वाटत होतं हाका पाच कराव्यात, म्हणजे बायका आणखी रडतील.

“तीनच,” आबा म्हणाले.

“अवो, पण पाच केल्या तर…”

“तीनच, रावसाब. एक जास्त न्हाई, एक कमी न्हाई.”

रावसाब गप्प बसला. आबांपुढे गावात सगळेच गप्प बसायचे. मी सोडून. म्हणूनच तर आमचं बोलणं बंद होतं.

झालं होतं असं. तेव्हा एका गेमनं सगळ्या पोरांना येडं केलेलं. शंभर गडी विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, शेवटी एक टोळी उरते ती जिंकली. आमची चौघांची टोळी होती. मी कप्तान, मिरजेचा इर्शाद मुलाणी, आणि दोघं तर कुठल्या कुठल्या राज्यांतले, ज्यांना मी आजतागायत भेटलेलो नाही. पण त्यांच्या नुसत्या श्वासावरून मला कळायचं की हा आता घाबरलाय. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला दोन विषय राहिलेला, गावात ‘महिपतीचं पोरगं, पण गेलं वाया’ म्हणून ओळखला जाणारा मी, त्या बेटावर उतरलो की तिघं जण मला विचारायचे, “आता कुठं जायचं?” आणि मी सांगितलेलं बरोबर निघायचं. एवढी साधी गोष्ट होती. ती घरी कशी सांगायची?

एकदा आबांनी विचारलं, “त्यात मिळतंय काय तुला?”

मी म्हणालो, “दुसऱ्याच्या कुस्त्या बघून तुम्हाला काय मिळत हुतं?”

मला वाटलं, कानफटात बसणार. पण आबा उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. त्या दिवसापासून जे काही सांगायचं ते आत्यामार्फत. “आक्का, त्याला सांग, जेवाय वाढलंय.” मी समोरच ताटावर बसलेलो. आई माहेरी मामाच्या आजारपणात अडकलेली, नाहीतर तिनं दोघांची एकाच दमात हजेरी घेतली असती.

शेवटचा निरोपही आत्यानंच आणला. “आबा म्हणतोय, अनंत चतुर्दशीला गणपतीच्या आधी तुझं ते मोबाईलचं खोकं नदीत. आन देखाव्यात पोराचं काम तूच करायचंस. गावाला दिसू दे.”

“आणि नाही केलं तर?”

“तर आजच नदीत.”

मी हिशेब केला आणि हो म्हणालो. कारण आमच्या टोळीची एका स्पर्धेत अंतिम फेरी होती आणि ती विसर्जनाच्या दोन दिवस आधी. तोवर मोबाईल माझ्या हातात राहणार होता. पुढचं पुढं.

आणि नशीब बघा. पोरगा काय बघतो ते लोकांना दिसायला हवं, म्हणून रावसाबनं खाटेच्या मागे हा भला मोठा स्क्रीन लावला आणि माझा मोबाईल त्याला जोडला. वर मंडळाचं इंटरनेट. म्हणजे गेमच्या विरोधातल्या देखाव्यात मी रोज संध्याकाळी चार तास राजरोस गेम खेळत होतो, गणपतीच्या साक्षीनं, मंडळाच्या खर्चानं. आपल्याकडे झाकली मूठ असते. माझी तर उघडी मूठ होती आणि लोक तिला देणगी देत होते.

आबा रोज मंडपात असायचे. स्क्रीनकडे पाठ करून, स्पीकरच्या मशीनपाशी. कोल्हापूरच्या एका भरदार आवाजाच्या माणसाकडून निवेदन रेकॉर्ड करून आणलं होतं, ते लावायचे आणि बंद करायचे. आठ दिवसांत त्यांनी एकदाही मान वळवून स्क्रीन बघितला नाही. मला ते लागायचं. बंद करा म्हणा, नदीत टाका म्हणा, पण एकदा बघा तरी की.

अंतिम फेरी आठला होती. त्याच दिवशी देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक येणार होते, सहाला. म्हणजे मला काळजी नव्हती. सहाला परीक्षक येतील, साडेसहाला जातील, मी आठला तालमीच्या माडीवर जाऊन बसेन.

पण परीक्षक कधी वेळेवर येतात का? सात वाजले, साडेसात वाजले. रावसाब चौकात उभा राहून प्रत्येक पांढऱ्या गाडीला नमस्कार घालत होता. “जागा सोडायची न्हाई कुणी!” आत्या खाटेवर पडून वैतागली होती. तिला शुगरची गोळी सुरू होती. संध्याकाळची गोळी तिनं वेळेवर घेतली होती आणि जेवण परीक्षक गेल्यावर करायचं ठरवलं होतं, कारण जेवून मेलं की तिला ढेकर यायचा.

आठला गेम सुरू झाला आणि आठलाच परीक्षक आले. तिघं. मी खुर्चीतूनच खेळायला लागलो. दुसरा उपाय नव्हता. कानातलं, म्हणजे इयरफोन, घालायला देखाव्यात मनाई होती, त्यामुळे इर्शादचा आवाज बारीक करून ठेवला. बेटावर आम्ही विमानातून उड्या टाकल्या, आणि इकडे आबांनी निवेदनाचं बटण दाबलं.

“हा राक्षस… घरा… घरा… घरा… घरा…”

मशीन अडकलं. आबांनी थापट्या मारल्या. ते “घरा” म्हणत राहिलं आणि मग खर्रकन गप्प झालं. परीक्षकांपैकी एकानं घड्याळात बघितलं.

“आबा, माईक घ्या!” रावसाब ओरडला.

“मी न्हाई.”

“अवो, तुमचंच लिहिलेलं हाय! पाया पडतो!”

मी तिरक्या नजरेनं बघितलं. आबांनी माईक उचलला, जसं गाठोडं उचलावं तसा, दोन्ही हातांनी. गळा साफ केला. “हा राक्षस,” ते म्हणाले, आणि मंडपात काहीतरी बदललं. कोल्हापूरच्या माणसाचा आवाज भरदार होता, पण आबांचा आवाज आला आणि आईस्क्रीमच्या गाडीपाशी उभे असलेले म्हातारे वळून आत आले.

पाठ असलेलं त्यांनी सगळं म्हटलं. आत्यानं पहिली हाक मारली. “बाळा, पाणी.” दुसरी. तिसरी. तिनं मान टाकली. आता राक्षसाचा लाल दिवा लागायचा. पण तो दिवाही त्याच मशीनवर होता. दिवा लागेना. परीक्षक वाट बघत उभे. आबांकडचं लिहिलेलं संपलं. आणि निवेदकाला सगळ्यात जास्त भीती कशाची असेल तर गप्प माईकची. त्यांनी काहीतरी बोलायचं म्हणून मागे वळून स्क्रीनकडे बघितलं.

“तर मंडळी,” ते म्हणाले, “हे बघा, पोरगं… एका भिंतीमागं दडलंय.”

दडलो होतो खरा. बेट रिकामं होत आलं होतं, आमच्यातले दोघंही बाद झाले होते. उरलो होतो मी आणि इर्शाद, आणि समोर तिघं.

“समोरनं एक गडी येतोय. सरळ येतोय. येडा हाय का काय? न्हाई मंडळी, येडा न्हाई! बगलेनं दुसरा येतोय!”

मला दुसरा दिसलाच नव्हता. मी वळलो, टिपला.

“घेतला! बगलेत शिरणाऱ्याला बगलेतच घेतला!”

टाळी पडली. कुठूनतरी शिट्टी आली. आबांचा आवाज एक पायरी चढला. पुढं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. आबा म्हणत होते, “मिरजेचा गडी गुडघ्यावर आलाय, पाठीला माती लागली, लागली! गेला मिरजेचा गडी, पण जाताना एकाला घेऊन गेला, शाब्बास रं मर्दा!” इर्शाद फोनमधून ओरडत होता, “कोण बोलतंय रं ते? कोण हाय त्यो माणूस?” चौकातली हलगीवाली पोरं मंडपात घुसली आणि त्यांनी ठेका धरला. परीक्षक पुढे सरकून स्क्रीन बघायला लागले. आत्या, जी मेलेली होती, ती उठून बसली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, “अगं बाई, एकच ऱ्हायला की!”

खरंच एकच राहिला होता. तो आणि मी. मध्ये गवत आणि एक पडकी भिंत.

आणि आबा आता बोलत नव्हते, गात होते. “एक हितं, एक तितं! श्वास धरा, मंडळी! चौगुल्याचं पोरगं हाय ते, घाई करायचं न्हाई!”

चौगुल्याचं पोरगं. मला जिंकायचं होतं. त्या बेटासाठी नाही, बक्षिसासाठी नाही. तो आवाज आणखी जरा वेळ माझ्याबद्दल बोलत राहावा म्हणून.

“धैर्या… पाणी दे रं.”

बारीक आवाज. खाटेवरून. हलगी वाजत होती, लोक ओरडत होते, आबा ओरडत होते. कोणाला ऐकू गेलं नसेल. पण आठ दिवस रोज डझनभर वेळा मी ती हाक ऐकली होती. हाका तीन असतात. तिसरीनंतर आत्या मरते. आणि देखाव्यात ती ‘बाळा’ म्हणते, धैर्या म्हणत नाही.

मी बघितलं. आत्याचं तोंड घामानं निथळत होतं आणि हात पापण्यांसारखे फडफडत होते. ती माझ्याकडे बघत होती, पण तिला मी दिसत नव्हतो.

मोबाईल मी खुर्चीवर ठेवला. गडव्यातलं पाणी, गणपतीसमोरच्या ताटातले दोन पेढे. एक पेढा कुस्करून तिच्या तोंडात घातला, वर घोटभर पाणी. “चाव आत्या. चाव.” तिनं चावलं. दुसरा घातला. मागे गोळी सुटल्याचा आवाज आला आणि मंडपात “अरारारा!” झालं. स्क्रीनवर माझा गडी गवतात नुसता उभा होता, खुळ्यासारखा, आणि मग आडवा झाला.

आबांचा आवाज वाक्याच्या मध्येच तुटला. माईक सुरू होता, त्यातून फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

पाचेक मिनिटांत आत्याच्या तोंडावर रंग आला. पहिलं वाक्य बोलली ते असं, “आणखी एक पेढा हाय का?”

आणि समोर टाळ्या सुरू झाल्या. परीक्षकांनी सुरू केल्या. त्यांना वाटलं, देखाव्याचा शेवटच असा आहे. पहिला नंबर आम्हाला मिळाला. परीक्षकांच्या प्रमुखांनी दुसऱ्या दिवशी भाषणात सांगितलं की मुलाला अखेरच्या क्षणी होणारी उपरती काळजाला भिडते, आणि आईची घालमेल दाखवणाऱ्या महिलेचा अभिनय अगदी अस्सल होता.

“अस्सल म्हंजे?” आत्या म्हणाली. “मेले असते की, भाड्या!”

इर्शाद त्या दिवशी फोनवर आधी पाच मिनिटं शिव्या घालत होता. मग मी काय झालं ते सांगितलं. “बरी हाईत का आत्या?” म्हणाला. नंतर हळूच, “आन त्यो बोलणारा माणूस पुढच्या वेळंला मिळंल का?”

आबा मात्र बोलले नाहीत. दोन दिवस आत्यामार्फतसुद्धा निरोप नाही. मला वाटलं, गावासमोर जिंकत आलेली कुस्ती घालवली म्हणून चिडलेत. मग वाटलं, नाही, गेमच्या नादात स्वतः वाहवले म्हणून लाजलेत.

विसर्जनाला आमचा गणपती उन्हं कलती व्हायच्या आत नदीवर पोचतो, जुनी पद्धत आहे. ट्रॅक्टर घाटावर थांबला, आरतीची तयारी सुरू झाली. आबा मला हातानं खूण करून घाटाच्या कडेला घेऊन गेले. पाण्याजवळच्या पायरीवर बसले. हात पुढे केला.

“दे.”

मी खिशातून मोबाईल काढून दिला. बोललो होतो, शब्द दिला होता.

आबांनी तो उलटसुलट केला. खिशातून चष्मा काढून लावला.

“परवाची कुस्ती हाय का यात?”

इर्शादनं काढून पाठवलेला व्हिडिओ होता. मी लावून दिला. आम्ही दोघं पायरीवर डोक्याला डोकं लावून बघत बसलो. आबा पुटपुटत होते, जुना माणूस भजनात पुटपुटतो तसे. बगलेतला गडी आला. मिरजेचा गडी गेला. मग गवत, पडकी भिंत, आणि माझा माणूस नुसता उभा.

“हितं तू उठलास,” आबा म्हणाले.

“हो.”

“कसं ऐकू आलं तुला? मी हुतो की तितं. मला न्हाई आलं.”

“हाका तीन असतात, आबा. ही चौथी होती.”

आबांनी चष्मा काढला.

“तुझी आजी गेली तवा मी मैदानात हुतो,” ते म्हणाले. “माईकवर. शेवटची कुस्ती लागली हुती. घरनं सांगावा आला, आईचं काय खरं न्हाई. म्हटलं, एवढी कुस्ती हू दे. दुसरा आला. म्हटलं, आता निकाल लागंल. तिसऱ्याला शेजारचं पोरगं रडत आलं. मी त्याला हातानं बाजूला सारलं, धैर्या. हातानं. लोक शिट्ट्या मारत हुते, मला काय सोडवंना.”

मी त्यांच्याकडे वळलो.

“ती पाणी मागत हुती म्हणं. माझ्या हातनं. आक्का जवळ बसली हुती, पण तिच्या हातचं घेईना.” आबांनी तोंडावरून हात फिरवला. “चौथा सांगावा आलाच न्हाई मला.”

घसा त्यांचा कधीच दुखत नव्हता. देखावा माझ्याकडे बघून लिहिलाय असं मी महिनाभर समजत होतो. खुर्चीतलं ते पोरगं मी नव्हतोच. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आबांनी माझ्या मानेवर हात ठेवला, पैलवान ठेवतात तसा जड.

मग त्यांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला.

“पुढची कुस्ती कवा हाय तुमची?”

“दिवाळीनंतर.”

“मला सांग. त्या भिंतीच्या डाव्या अंगानं गेला असतास तर गडी तुझा हुता.” ते उठले, धोतराची माती झटकली. “आन एक. ते कानातलं घालायचं न्हाई. कवाच न्हाई. हाक ऐकू आली पायजे.”

वर घाटावर आरतीच्या ताटातला कापूर पेटला होता. आत्या कठड्यावरून वाकून, होता तेवढा आवाज काढून ओरडली, “येताय का न्हाई रं?”

“आलो!” आम्ही दोघं एकदमच म्हणालो.